तिसऱ्या बेसजवळची बादली

माझी थोरली लेक घरकामासाठी कोस्टा रिकाला गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. धाकटा एव्हेनोर तेव्हा चौतीस वर्षांचा होता. उसाच्या कामावरून त्याला काढून दोन वर्षं झाली होती. रक्तात क्रिएटिनिन वाढलं की मळ्यावर घेत नाहीत. आमच्या गावात किडन्या गेल्या असं कोणी म्हणत नाही. अमक्याला क्रिएटिनिन झालं, एवढंच म्हणतात.

मंगळवार, गुरुवार, शनिवार तो बसने लेओन शहरातल्या दवाखान्यात डायलिसिसला जायचा. रविवार मात्र मुलांच्या बेसबॉलचा. पोरांच्या संघाला तोच शिकवायचा. त्याचा अकरा वर्षांचा मुलगा यादेर कॅचर होता, घरच्या बेसमागे बसून चेंडू झेलायचा. नऊ वर्षांची लेक केलिंग एक गडी कमी पडला म्हणून एकदा उतरली, ती परत बाहेर बसलीच नाही.

"अहो, या संघात पोरगे संपले काय?" समोरचे लोक ओरडायचे.

"संपले नाहीत, तिच्यापुढे टिकले नाहीत!" माझी सून आउक्सिलियादोरा, म्हणजे एव्हेनोरची आउशी, बसल्या जागेवरून उत्तर द्यायची.

एव्हेनोरची जागा तिसऱ्या बेसजवळ. पळत येणारं पोर त्याच्या हाताकडे बघायचं. हात गरगर फिरला तर घरच्या बेसपर्यंत सुटायचं, तळवा दिसला तर थांबायचं. त्या वर्षी त्याला उभं राहवत नव्हतं, म्हणून रंगाची रिकामी बादली पालथी घालून तो त्यावर बसे. त्याच्या शेजारी ऊसतोडीतले जुने सोबती बसायचे.

"तुझं क्रिएटिनिन किती आलं रे या वेळी?" एखादा विचारी.

"साडेअकरा."

"माझं नऊच. तू नेहमीच पुढे, लेका."

आणि सगळे हसायचे.

संघ जिंकत गेला. मार्चमध्ये अंतिम सामना ठरला, पण मोठ्या माणसांच्या सामन्याला रविवारी मैदान हवं होतं, म्हणून मुलांचा शनिवारी ठेवला.

"मी जाणार नाही लेओनला," एव्हेनोर म्हणाला.

"मग मीच सांगते पोरांना, तुमच्या बापाला सामना हवा, तुम्ही नकोत," सून म्हणाली. "गुरुवारचं झालंय, आता सरळ मंगळवार? पाच दिवस?"

"एकदाच, आउशी. पुढच्या हंगामात मी असेन का, सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मोठा होतो, माझा शब्द चालला असता. मी म्हणालो, "एका दिवसाने काय होतंय? जाऊ दे त्याला."

ती भांडी घासायला गेली.

शनिवारी ऊन फार होतं. दवाखान्याने त्याला दिवसाला दोनच पेले पाणी सांगितलं होतं. तो नुसत्या गुळण्या करून थुंकत बसला होता. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने मागे होतो. केलिंग दुसऱ्या बेसवर होती. पुढच्या पोराने चेंडू लांब मारला आणि ती सुटली. तिसऱ्या बेसजवळ आली तेव्हा एव्हेनोर बादलीवरून उठला आणि त्याने हात गरगर फिरवला. चेंडू परत येताना मला दिसत होता. सगळ्यांनाच दिसत होता. केलिंग घरच्या बेसपासून दोन हात दूर असताना समोरच्यांच्या कॅचरने चेंडू लावून तिला बाद केलं. शेवटचा गडी गेला, सामना संपला.

ती तशीच धुळीत बसून राहिली. एव्हेनोर हळूहळू चालत तिच्यापर्यंत गेला.

"तूच सांगितलंस पळ म्हणून!" ती ओरडली. "मी थांबले असते! तुला काही दिसत नाही का?"

"दिसलं नाही ग," तो म्हणाला. "डोळ्यांपुढे पांढरं झालं."

ती तोंड फिरवून बसली.

मी पोरांसाठी सायकलवर शहाळी आणली होती. कोयत्याने एकेक सोलून देत होतो. एव्हेनोर जवळ आला. "बाबा, एक द्या. तिच्याबरोबर पितो."

दवाखान्याचा कागद आमच्या भिंतीवर चिकटवलेला होता. चाळिशीत अक्षरं शिकलेला माणूस मी, बोट ठेवून ठेवून तो कागद मीच घरच्यांना वाचून दाखवला होता. केळी नको, टोमॅटो नको, शहाळं नको, त्यांतलं पोटॅशियम रक्तात साठतं. शहाळ्यापाशी मी हसलो होतो. कंबर दुखली की शहाळं द्यायचं, लघवी जळली की शहाळं द्यायचं. माझ्या आईने मला दिलं, मी माझ्या पोरांना दिलं. कागद देणाऱ्या डॉक्टरीणबाई शहरातल्या, त्यांना काय कळतं, असं वाटलं होतं. सून कुठे दिसते का ते मी पाहिलं. ती यादेरचे बूट सोडवत होती. मी त्यातल्या त्यात मोठं शहाळं निवडलं.

तो केलिंगशेजारी धुळीत बसला. आधी तिने घेतलं नाही. मग एक घोट घेतला. मग तो, मग ती. शेवटी ती म्हणाली, "पुढच्या वेळी मीच बघीन, तू नुसता बस." तो हसला आणि उरलेलं सगळं प्यायला. मग येऊन म्हणाला, "बाबा, आणखी एक." तेही मी दिलं.

रविवारी सकाळी त्याला खाटेवरून पाय खाली टाकता येईनात. ओठ बधिर झाले म्हणाला. शेजारच्याचा टेम्पो काढला. मी मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. सून त्याचे तळपाय चोळत होती. अर्ध्या वाटेत तिचे हात थांबले.

दवाखान्याच्या दारात त्याच डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मानेला बोटं लावली. काल काय खाल्लं-प्यायलं, असं विचारलं. सून म्हणाली, "काही नाही. भात. गुळण्या फक्त."

"दोन शहाळी," मी म्हणालो. "मी दिली."

बाईंनी ते लिहून घेतलं. सून माझ्याकडे बघत राहिली. तिने मला तेव्हाही काही बोल लावला नाही आणि आजवर लावलेला नाही. माझं ताट अजून तीच वाढते.

माझा मुलगा एव्हेनोर रविवारी, तेरा मार्च दोन हजार अकरा रोजी, सकाळी साडेदहाच्या सुमारास लेओनच्या रस्त्यावर वारला.