न निघणारा बोल्ट

सुरेखाच्या वडिलांचा, अण्णांचा आज दहावा. नेवाशाच्या घाटावर माणसं सकाळीच जमली होती आणि इकडे तिचा नवरा कल्याण दारातल्या गाडीचं बॉनेट उघडून इंजिनात डोकं घालून बसला होता. पट्टा तुटलाय म्हणे, आणि तो बदलायचा तर आधी एक बोल्ट ढिला व्हायला हवा. बोल्ट काही हलत नव्हता.

सुरेखा पिशवी धरून ओट्यावर ताटकळत उभी होती. शेजारच्या रतनबाईंच्या टेम्पोतून पुढं जाते म्हणाली, तर कल्याण उखडला. दारात गाडी असताना लोकांच्या टेम्पोतून जाऊन माझं नाक कापायचंय का, असं त्यानं विचारलं. गडी नाकाला फार जपायचा. मेहुण्याच्या लग्नात मानाचा फेटा आधी दुसऱ्या जावयाला बांधला, तेव्हापासून तो सासरवाडीची पायरी चढला नव्हता. टेम्पो निघून गेला.

कल्याणनं बोल्टवर रॉकेल ओतलं, हातोडीनं ठोकलं. मग पान्याला लांब पाईप जोडून असा जोर लावला की मानेच्या शिरा फुगल्या. सुरेखाला त्याची कीव आली, हात लावावा म्हणून ती जवळ गेली. विहिरीवरच्या मोटारीचे नट तीच सोडायची. डावीकडे फिरवला की ढिला, उजवीकडे फिरवला की घट्ट. कल्याण उजवीकडे फिरवत होता. सारा जन्म ट्रॅक्टर खोलण्यात गेलेला माणूस.

अण्णा दवाखान्यात तिचं नाव घेत होते, तेव्हाही ही गाडी अशीच बिघडली होती. ती पोचली तेव्हा तिरडी बांधून झाली होती.

फोन वाजला. तिचा भाऊ गोरक्षनाथ होता, आवाज पार बसलेला.

"ताई, कावळा शिवंना. समद्यांनी हात जोडून पाह्यलं. अण्णांचा जीव तुझ्यात अडकलाय. कुठवर आलीस?"

कल्याणनं मान वर न करताच सांगितलं, "बोल्ट निघंना म्हनावं."

ह्या माणसाला आजवर गरम भाकरी वाढली, याची सुरेखाला किळस आली.

"गोरख, फोन पिंडापुढं धर," ती म्हणाली. "अण्णा, मी आज निघाले हुते. तवाबी निघाले हुते. तुमचं जावई बोल्ट आवळीत बसल्यात."

फोनमधून एकदम गलका ऐकू आला. कावळा शिवला होता.

अण्णा सुटले. सुरेखाला मात्र ह्याच घरात राहायचं होतं.