खावटीचे रविवार

आता बोला, बुडवणाऱ्यालाच बक्षीस! नंदिनीला ऐकून हसावं की रडावं कळेना. नागपुरात सीताबर्डीच्या साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहून ती एकटीनं अदितीला वाढवत होती. नवरा प्रशिक, वाडी गावचा ट्रक ड्रायव्हर, घर सोडून गेला आणि कोर्टानं ठरवलेली पोरीची खावटी, म्हणजे पोटगी, बुडवत राहिला. वॉरंटच्या धाकानं पोरीलाही तोंड दाखवेना. शेवटी लोकअदालतीच्या पॅनेलवरच्या चारुशीला मॅडमनी तोडगा काढला. चालू खावटी वेळेवर द्यायची, दर रविवारी पोरीला भेटायचं. असा एकेक महिना नीट पाळला की थकबाकीतले दोन-दोन महिने माफ.

"पोरीच्या तोंडचा घास मी काहून माफ करू?" नंदिनी कडाडली.

"नाही केलात तर मिळणार आहे का?" मॅडमनी विचारलं.

तेही खरंच. भागते भूत की लंगोटी सही! आणि खोटं कशाला बोला, तिला उत्सुकताही होती. हा बाबा माफीपायी तरी सुधारतो का, बघू तरी. तिनं सही ठोकली.

आणि काय सांगावं, गडी येऊ लागला! पहिल्या रविवारी दारातच चुळबुळत उभा राहिला. मग पोरीला सायकल शिकवू लागला, तिला तर्री-पोहे खायला नेऊ लागला. खावटीही वेळेवर येऊ लागली. नंदिनी स्वयंपाकघरातून कान टवकारून ऐकायची. हा पोरीसाठी येतो की माफीसाठी? माणसाचं मन म्हणजे काय वांगं आहे, दाबून बघायला?

एकदा वेणी घालताना अदिती म्हणाली, "आई, बाबाचे आता किती रविवार उरले वं?"

म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं.

काही महिन्यांत सगळी थकबाकी माफ होऊन संपली. नंदिनीनं प्रशिकला सांगितलंच नाही. तो येत राहिला. लबाडीची तिला लाज वाटायची, पण पोर हसत होती ना!

मग एक दिवस प्रशिकचा दोस्त कवडू दुकानात साडी घ्यायला आला. "वहिनी, प्रशिक पागल झाला का वं? रविवारी माल भरायचा नंबर लागला तरी सोडून देते. मंग बसते बिनभाड्याचा."

आता मात्र तिला राहवेना. रविवारी तिनं त्याला जिन्यातच गाठलं.

"थकबाकी कवाचीच संपली. मीच लपवलं. आता तुमाले यायची सक्ती नाही."

"मले मालूम आहे."

"मंग काहून येऊन राहिले?"

प्रशिकची मान खाली गेली. "करार होता म्हणून तू दार उघडत होती. संपला म्हटलं असतं, तर उघडलं असतं का?"

नंदिनीला रागही आला आणि रडूही फुटलं. तेवढ्यात वरच्या पायरीवरून अदितीचा आवाज आला. पोरीनं शब्द न् शब्द ऐकला होता.

"मंग नाही कोण म्हणून राहिलं?"

नंदिनीनं डोळे पुसले आणि त्याला वर जायला वाट दिली.