मधला ‘ला’

मंद्रूपच्या बाजारात गोजरबाईकडं कोहळ्याला पिकवणाऱ्याचंच नाव. “ज्ञानबा कवळा हाय, शिवप्पा मुरलेला. कुठला देऊ?” असं ती गिऱ्हाइकाला विचारी.

नव्या पत्र्याच्या शेडची दृष्ट काढायला तिनं कुंकू भरलेल्या कोहळ्यावर कोयता घातला. लाल चिळकांडी उडाली. लेकीला, वैजयंतीला, ती हौसेनं ओरडली, “कापला गं शिवप्पा!”

समोरून कुणीतरी मोबाईल धरला होता. पाट्यांच्या आड कोहळा दिसला नाही. कोयता दिसला, लाल हात दिसले. खाली कुणी लिहिलं, ‘शिवप्पाला कापला!’ मधे एवढासा ‘ला’ घुसला आणि कोहळ्याचा माणूस झाला. पुढं कुणी ढोल घातला, कुणी शिवप्पाचा फोटो चिकटवून त्याभोवती लाल गोल काढला, कुणी लिहिलं, ‘कमजोर मनाच्यांनी बघू नये.’ मग काय, कमजोर मनाच्यांनी दोनदा बघितला.

दुपारी मंगळवेढ्याहून रुक्मिणीबाईंचा फोन. येत्या रविवारी त्या आपल्या मुलासाठी वैजयंतीला बघायला येणार होत्या. “आमी येत न्हाय. कोयत्याच्या घरात सोयरीक नको.”

वैजयंतीचा चेहरा उतरला. फोटो बघूनच मुलगा तिच्या मनात भरला होता.

तेवढ्यात शेतातून शिवप्पा तणतणत आला. “गोजराक्का, माझ्या मेव्हण्यानं हार आणलाय की!”

त्याला कोहळ्यांच्या ढिगावर बसवून वैजयंतीनं खरा व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत नऊ जणांनी बघितला. त्यात चारदा शिवप्पानंच.

“जित्या माणसाला कोण बघतंय, आये?”

गोजरबाई पदर खोचत गुणगुणली,

“खोटं मोटारीत बसं, खरं चालतंया पायी
उशिरानं का येईना, दारी येतंया गं बाई”

“पायी कशाला?” शिवप्पा म्हणाला. “यष्टी हाय की.”

सकाळच्या गाडीनं तिघं मंगळवेढ्याला पोचली. रुक्मिणीबाईंनी दार उघडलं नि शिवप्पाला बघून दोन पावलं मागं सरल्या. गोजरबाईनं त्यांच्या हातात कोहळा ठेवला.

“विहीणबाई, ह्यो शिवप्पा शिजतो. त्यो शिवप्पा बोलतो. दोनी धड हायती.”

रुक्मिणीबाई कोहळ्याकडं बघत राहिल्या, मग माणसाकडं. एकदम पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की आतून मुलगा धावत आला आणि दारातल्या वैजयंतीला बघून तिथंच थबकला.

“आता बघायला रविवार कशाला? बघतोयच की,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “या आत, जेवूनच जायचं.” विळी ओढत त्यांनी विचारलं, “मग कापू का शिवप्पा?”

शिवप्पा पायरीवरनं खाली उतरला.