परातीतलं मीठ

रमजानच्या आदल्या दिवशी अम्मीच्या फळीवर खारट वस्तू सहा होत्या: मिठाची किलोची पिशवी, बावीस पापड, लिंबाच्या लोणच्याची बरणी, शेव, चाट मसाला आणि खायचा सोडा. मिठाची पिशवी ठेवली, बाकी सगळं शेजारच्या सुगंधाबाईंना दिलं. अब्बांचं वजन ६१.४ किलो होतं. हृदयाचं पंपिंग तीस टक्के.

जळगावच्या डॉक्टरांनी रोजे नकोच म्हणून सांगितलं होतं. अब्बा ऐकेनात, तेव्हा त्यांनी गोळ्या पहाटेची सहरी आणि संध्याकाळची इफ्तार यांत वाटून दिल्या आणि दोन अटी घातल्या. दिवसाला पाच ग्रॅमच्या वर मीठ नको. आणि वजन दोन किलोनं वाढलं, तर ते अंगात साठलेलं पाणी समजायचं; रोजे बंद, त्याच दिवशी दवाखाना.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली, त्यामुळे मीठ माझ्याकडे आलं. रोज्यात चाखता येत नाही, म्हणून अम्मी अंदाजानं मीठ टाकायची. तो अंदाज मी बंद केला. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा आणला. सहरीत दोन ग्रॅम, इफ्तारच्या ताटात दीड. भज्यांऐवजी उकडलेले चणे, कलिंगड, काकडी.

"बठ्ठं अळणी शे," अब्बा सहरीला म्हणायचे. ते मूळचे धुळ्याकडचे, बोली अहिराणी. "पन चालस. तुना हातनं शे ना."

सकाळी ते स्वतः वजनकाट्यावर उभे राहून आकडा वाचत. डाळमिलमध्ये तीस वर्षं मापाडी होते. काट्याशी खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

इफ्तार मशिदीत. नशिराबादमध्ये आमच्या मोहल्ल्यात प्रत्येक घरातून ताट जातं. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाआधी अब्बा आमचं ताट रुमालाखाली झाकून न्यायचे आणि रिकामं परत आणायचे. रिकामं ताट बघून मी वहीत लिहायची: दीड ग्रॅम.

सहाव्या दिवशी वजन ६२ झालं, अकराव्या दिवशी ६२.७. मी काटा तपासला, मिठाची पिशवी पुन्हा तोलली. हिशेब चुकत नव्हता.

बाराव्या दिवशी अब्बा ताट मशिदीतच विसरले. ते घेऊन मशिदीची झाडलोट करणारे हमीदचाचा दारात आले.

"बेटी, तुझे चणे अगदीच फिके गं," ते हसले. "पण परातीत गेल्यावर कुणाला कळतंय?"

"कुठल्या परातीत, चाचा?"

"अगं, सगळ्या घरांची ताटं परातींत रिकामी करतो ना आपण. भजी, शेव, चणे, सगळं कालवायचं. एका परातीला पाच-सहा जण."

आमच्याकडे बायका मशिदीत जात नाहीत. ती परात मी कधी पाहिलीच नव्हती. बारा दिवस मी दुसऱ्याच कुणाच्या तरी पोटात जाणारं मीठ तोलत होते.

"अब्बा, तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू इचारं का?" ते खरंच चकित झाले होते. "इफ्तार असाच राहस ना."

"उद्यापासून घरी. नाहीतर आपलं ताट वेगळं ठेवा."

"चाळीस वरीस एक परातमां हात घाला. आते मी एकलाच येगळा बसू? बीमार कुत्रासारखा?"

"डॉक्टर काय म्हणाले ते आठवतं ना?" अम्मी आतून म्हणाली.

तीन दिवस ते घरी बसले. खजूर तोंडात धरून दाराकडे बघत राहायचे. चणे तसेच उरायचे. उरलेलं मी तोलत होते. चौथ्या दिवशी शुक्रवार होता. अजानच्या आधी त्यांनी टोपी घातली आणि रिकाम्या हातानं गेले. मी अडवलं नाही. अडवलं असतं, तर कदाचित थांबले असते.

पुढेही ते रोज जात राहिले. रात्री दम लागून आडवे झोपेनात. आधी दोन उशा, मग तीन, मग भिंतीला टेकून बसणं. पायावर बोट दाबलं की खळगा राही.

एकोणिसाव्या दिवशी ते काट्यावर चढले आणि आकड्याकडे वाकले. मग त्यांनी आकडा वाचला.

"त्रेसष्ट पॉइंट नऊ. लिख."

मी लिहिलं. अम्मीनं रिक्षा बोलावली. दवाखान्यात आत नेताना अब्बा म्हणाले, "हमीदले सांग, मनी जागा कोनले देऊ नको."

दुपारी तपासणीचा कागद हातात आला. पंपिंग अठरा टक्के.