दुमडलेल्या कडेची चिठ्ठी

मी एक जुनी चिठ्ठी आहे, डॉक्टरांच्या हातची. मित्रांनो, चिठ्ठीचं आयुष्य ते केवढं? औषधाच्या दुकानापर्यंत जायचं आणि मग खिशातच विरायचं. मी मात्र अकरा वर्षं टिकले. त्याची आज मला लाज वाटते.

पुस्तकं बांधून देणाऱ्या काकांच्या छातीत फार जळजळ व्हायची. डॉक्टरांनी माझ्यावर ॲसिडिटीच्या गोळीचं नाव लिहिलं आणि अगदी तळाशी एक ओळ : 'फक्त चौदा दिवस. नंतर पुन्हा दाखवणे.' तिसऱ्याच दिवशी काकांना इतकं बरं वाटलं, की मला लॅमिनेट करून जपायचं त्यांनी ठरवलं. मी प्लॅस्टिकहून बोटभर लांब निघाले. कागदाला कात्री लावणं काकांच्या अगदी जिवावर येतं. त्यांनी माझी खालची कड वर दुमडली आणि मला यंत्रातून काढलं. ती ओळ घडीत गेली.

मी चकचकीत झाले. "काका, तुमच्यासारखी टापटीप कुणाकडे नाही," असं म्हणत औषधवाला गोळ्यांची पट्टी काढून द्यायचा, आणि मी फुगायचे. कधी गोळी राहिली तर जळजळ दुपटीने उसळायची. मग गोळी जन्माचीच, असं काकांनी गृहीत धरलं. ते डॉक्टर तर केव्हाच गाव सोडून गेले होते.

परवा काका दुकानातल्या बुटक्या स्टुलावरून घसरले. एवढंच. पण मनगट मोडलं. दवाखान्यात काकूंनी पिशवीतून मला काढलं.

"हे किती वर्षं घेताय?" नव्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"अकरा. फार नेमाचे आहेत हे," काकू कौतुकाने म्हणाल्या.

बाईंनी मला खिडकीच्या उजेडात धरलं, उलटं केलं आणि घडीतली ओळ मोठ्याने वाचली. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"हाड गोळीमुळेच मोडलं असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "पण इतकी वर्षं न तपासता घेतली, तर काहींची हाडं ठिसूळ होऊ शकतात, बी-ट्वेल्व्ह कमी पडू शकतं, किडनीवरही लक्ष ठेवावं लागतं. तपासण्या करू. आणि घाबरून एकदम बंद करू नका. मी सांगेन तशी कमी करू."

काकांनी माझ्या दुमडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. ते काकूंना म्हणाले, "अगं, गल्लीतल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या मी अशाच करून दिल्यात. हौसेने. फुकट."

मित्रांनो, चिठ्ठी जपू नका, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि ही गोळी अजून लागते का, हे डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारा.

घरी आल्या आल्या काकांनी डाव्या हाताने पहिला फोन गल्लीतल्या शिंपीणबाईंना लावला.

"काका, तुमचे उपकार कसे फेडू?" त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं झाली, एक गोळी चुकली नाही बघा."