दुर्गाबाईंच्या अटी

हिवरखेडच्या बायकांनी मिळून तूरडाळीची मिल काढली, तेव्हा गावातले काही लोक हसले होते. तुरीचा भाव पडला, कापूस बोंडअळीनं खाल्ला, आणि या बाया मशीन घेऊन बसल्या! पण मिल चालली. अध्यक्ष दुर्गाबाई जेमतेम सातवी शिकलेल्या, बोलायला मात्र सडेतोड.

अकोल्याच्या जठारपेठेत कॉम्प्युटरचं दुकान चालवणारी निखत एक दिवस त्यांच्याकडे आली. कोणाची तूर कोणत्या पोत्यात गेली, पोतं कुठं विकलं, हे सगळं नोंदवायचं सॉफ्टवेअर ती दाखवत होती.

"हे तुमच्या कॉम्प्युटरमध्ये नाही राहत, काकू. क्लाऊडवर राहते. म्हणजे कंपनीच्या मोठ्या मशीनवर. मोबाईलवरूनही दिसते."

"क्लाऊड म्हणजे ढगच ना व?" दुर्गाबाई म्हणाल्या. "यंदा ढगायनं आमाले लय फसोलं."

बाया खो खो हसल्या. निखतही हसली. पण दुर्गाबाई लगेच मुद्द्यावर आल्या. "लाईन गेली तं? तुमची कंपनी बंद पडली तं आमची माहिती कोनाले मागाची? अन् हे सारं इंग्रजीत काहून हाय?"

याआधी आलेल्या दोन विक्रेत्यांना हेच प्रश्न विचारले होते. एकानं "मावशी, तुम्हाला नाही कळणार" म्हणत बॅग आवरली होती. निखतनं मात्र प्रत्येक प्रश्न लिहून घेतला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीशी भांडून महिन्याभरानं ती परत आली. आता सॉफ्टवेअर मराठीत, नेट नसतानाही मोबाईलवर चालणारं, आणि सगळी माहिती कधीही आपल्याकडे उतरवून घेता येईल असं लेखी.

"आता घेतो," दुर्गाबाई म्हणाल्या. मिलचा हिशोब ठेवणाऱ्या वच्छलानं ते शिकून घेतलं आणि चार बायांना शिकवलं.

त्या वर्षीच्या फवारणीच्या दिवसांत मिलला तूर देणारी सुंदराबाई धापा टाकत मिलवर आली. तोंड उतरलेलं.

"दुर्गाबाई, माह्या घरात औषधाची शिशी सांडली होती व. मले आज समजलं. त्याच्याच बाजूले तुरीची पोती होती. मी थेच तुमाले देल्ली."

बाया गोदामातल्या पोत्यांकडे धावल्या. भरडलेली डाळ तर सगळी सारखीच दिसते. सकाळपासून लाईन नव्हती, ऑफिसातला कॉम्प्युटर बंद. वच्छलानं मोबाईल काढला, सुंदराबाईचं नाव टाकलं.

"अमरावतीले गेली. राजापेठेत, खुशालरावच्या दुकानात."

दुर्गाबाईंनी तिथूनच फोन लावला. "भाऊ, आमच्या मालातली काही पोती विकू नका. नंबर पाठवतो."

"काहून बाई? कोनाची तक्रार नाही."

"तक्रार यायची वाट पायाची काय? लोकायच्या लेकरायच्या ताटात जाते ते. पोत्यावर आमचं नाव हाय."

पलीकडे खुशालरावांनी आत जाऊन पोती पाहिली. मग म्हणाले, "एकही पोतं फोडलं नाही अजून. या घेऊन जा."

संध्याकाळपर्यंत बाया टेम्पोतून माल परत घेऊन आल्या. सुंदराबाई रडत होती. दुर्गाबाईंनी तिला जवळ घेतलं. "तू येऊन सांगितलं, तेच मोठं केलं. नाही तं आमाले काय मालूम होतं?"

पुढं अमरावतीला गावोगावच्या मिलवाल्यांची बैठक झाली. निखतला बोलायला बोलावलं होतं. तिनं माईक घेतला आणि म्हणाली, "सॉफ्टवेअर माझ्याजवळ आधीपासून होतं. ते वापरण्यासारखं केलं हिवरखेडच्या काकूंनी." असं म्हणून तिनं माईक दुर्गाबाईंकडे दिला.

समोर सूटबूटवाले बसले होते. दुर्गाबाईंनी पदर नीट केला. "घ्यायच्या आधी पोट भरून प्रश्न इचारा," त्या म्हणाल्या. "जो समजावून नाही सांगत त्याले चहा पाजा अन् वापस धाडा."

हॉलमध्ये हशा पिकला. मागच्या रांगेत बसलेल्या वच्छलानं मान ताठ करून शेजारणीला सांगितलं, "आमच्या अध्यक्ष हायेत त्या."