शनिवारच्या वाचनकट्ट्याची सतरंजी

"सर, वाचनकट्टा माझ्यामुळे बंद पडला का? मी परत असं बोलणार नाही."

राजश्रीच्या पत्रात एवढेच होते. शिवराम सरांनी ते पुटपुटत वाचले, खिशात ठेवले आणि उत्तर दिलेच नाही. मी तेव्हा कपाटामागे गुंडाळी होऊन उभी होते. मित्रांनो, मी शिरवणे गावच्या वाचनालयातली सतरंजी. माझी गोष्ट कोणाला ऐकावीशी वाटेल का, याची मला खात्री नाही. तरी सांगते.

सोलापूरकडच्या एका मागावर माझे निळे-लाल पट्टे विणले गेले. नव्या मुंबईत आले ती एका सोसायटीच्या हॉलसाठी. हळदीकुंकू, बारशी, मीटिंगमधली भांडणे, सारे माझ्यावरच झाले. "केवढी भक्कम आहे!" असे बायका म्हणत. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला वाचनालयाला देऊन टाकले.

तिथे दर शनिवारी सहावी-सातवीची मुले माझ्यावर गोल करून बसत. शिवराम सर निवृत्त कारकून. इतके बुजरे, की बोलताना नजर पुस्तकातच. पण त्यांच्यामुळे मुले गुलामांच्या व्यापाराचा इतिहास वाचू लागली. आफ्रिकेतून पकडून नेलेली माणसे, ती जहाजे, समुद्रापलीकडची कापसाची शेते. एकदा पार्थने माझा दोरा ओढत विचारले, "सर, ही पण कापसाचीच ना? कोणी वेचला असेल?" माझा कापूस इथलाच असावा. पण वेचणारे हात कोणाचे, हे मी तरी कधी विचारले होते?

मग तो शनिवार आला. जहाजाच्या तळाशी माणसांना कसे कोंबत, हे मुलांना नीट कळावे म्हणून सरांनी सगळ्यांना माझ्यावर चिकटून झोपायला सांगितले.

"ए विश्वजित, सरक ना जाड्या!"

"तूच सरक. मोजे धू आधी!"

हसून हसून मुले लोळू लागली. राजश्री मात्र माझ्या काठाशी उभीच राहिली.

"मी नाय झोपणार, सर."

"अगं, दोनच मिनिटं. कळावं म्हणून."

"माझ्या आजीला गावात पंगतीत बसू देत नव्हते. लांब, उकिरड्यापाशी बसवायचे. त्याचं कोणी असं नाटक करून हसलं, तर मला चालेल का?"

हसू थांबले. सरांनी पुस्तक मिटले. त्यांनी मुलांना घरी पाठवले, मला गुंडाळले आणि पुढच्या शनिवारपासून कट्टा बंद केला.

कपाटामागे फार एकटे वाटते, मित्रांनो. धूळ बसते, पण माणूस बसत नाही. सर शनिवारी यायचे, खिडकीशी एकटेच बसायचे, पुस्तकाचे पान काही उलटायचे नाही. राजश्रीच्या घरचे कामोठ्याला राहायला गेले. तिचे पत्र तिथूनच आले होते.

एके दिवशी ग्रंथपाल वैशालीताईंना माझी एक कड उंदराने कुरतडलेली दिसली. मला उन्हात पसरत त्या म्हणाल्या, "सर, हिला असं ठेवून दिलं तर हिच्या चिंध्या होतील. आणि त्या पोरीला उत्तर दिलंत का?"

"कितीदा लिहिलं, फाडलं. काय लिहू? ती बरोबर बोलली आणि मीच घाबरलो."

"मग तेच लिहा की!"

पुढच्या शनिवारी मुले पुन्हा माझ्यावर बसली. सरांनी आपले उत्तराचे पत्र त्यांना वाचून दाखवले.

"राजश्री, कट्टा तुझ्यामुळे नाही, माझ्या भीतीमुळे बंद पडला. चूक माझी होती. त्या जहाजांतून वाचलेल्या काही माणसांनी स्वतः लिहून ठेवले आहे. यापुढे नाटक नाही, त्यांचेच शब्द वाचू. तू मात्र बोलणे सोडू नकोस. शनिवारी येशील?"

मग विश्वजित म्हणाला, "सर, मी पण हसलो होतो. ते पण लिहा." सरांनी खाली ते लिहिले.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू अडगळीत टाकलीत तरी ती कुरकुर करणार नाही. पण एखादे मूल धीर करून खरे बोलले, तर त्याला उत्तरावाचून ठेवू नका. ते आपले बोलणेच गुंडाळून ठेवते.

पत्र टपालपेटीत टाकायला सगळे घाईने जिना उतरले. माझ्यावर त्यांच्या बसण्याच्या सुरकुत्या तशाच होत्या. खिडकीखालून पार्थचा आवाज आला, "सर, सोडा ना आता हातातून!"

मग टपालपेटीची झडप वाजली.